सुईपुरतीही जागा

“मग पाणी कशाला घातलंस त्यात?”

मौलाली उस्तादांनी मान वर न करता विचारलं. त्यांच्यासमोर ट्रकचा रेडिएटर उताणा पडला होता आणि ते त्याच्या फुटक्या नळीला डाख देत होते.

“थंड राहावं म्हणून,” श्रीशैल म्हणाला.

“राहिलं?”

“नाही, उस्ताद.”

उस्तादांनी हातातला दिवा विझवला. लुंगीला बोटं पुसली आणि बाकावर ठेवलेल्या डब्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

डबा म्हणजे कॉम्प्युटर. एरवी टेबलाखाली अंग पसरून बसणारं धूड श्रीशैलने चपात्यांच्या मोठ्या डब्याएवढ्या पेटीत बसवलं होतं. पेटीची एक बाजू काचेची. आत वायरी आणि पाण्याच्या नळ्या इतक्या दाटून भरलेल्या, की मुंगीने आत जायचं म्हटलं तर तिलाही अंग चोरावं लागलं असतं.

सोलापुरातल्या कॉम्प्युटरवाल्यांमध्ये श्रीशैल बिराजदार हे नाव मानाचं होतं. लहानात लहान पेटीत मोठ्यात मोठं मशीन बसवावं तर त्यानेच. पुण्या-बंगळूरहून लोक फोटो मागवत. कौतुकाची सवय लागली की सल्ला कडू लागतो, तसं त्याचं झालं होतं. कॉलेजात असताना तीन उन्हाळे त्याने याच पत्र्याच्या शेडमध्ये, अक्कलकोट रोडला, उस्तादांच्या हाताखाली काढले. डाख द्यायला इथेच शिकला, पाणी कुठून झिरपतंय ते बोटाने ओळखायलाही इथेच. मग बारा वर्षं फिरकला नाही. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

आज आला, तो स्वतःचे सगळे उपाय थकल्यावर.

“कुणासाठी बनवलास?”

“राजीसाठी.”

राजी म्हणजे राजेश्वरी, त्याची धाकटी बहीण. त्या तीन उन्हाळ्यांत अव्वाने, म्हणजे आईने, दिलेलं जेवण भावाला घेऊन यायची आणि तो जेवेपर्यंत ट्रकच्या दारावरच्या धुळीत बोटाने शेळ्या काढायची. ड्रायव्हर लोक त्या शेळ्या पुसत नसत. मोठी झाल्यावर ती कॉम्प्युटरवर हलती चित्रं काढायला लागली होती, हे उस्तादांनी ऐकलं होतं.

“कशी आहे पोरगी?”

श्रीशैलने काचेवरचा ठसा बाहीने पुसला. “दवाखान्यात आहे. जानेवारीपास्नं.”

...

उस्तादांनी कसला आजार ते विचारलं नाही. सांगणाऱ्याच्या आवाजात ते आलंच होतं.

मग श्रीशैलने सगळं सांगितलं. राजीची बारा मिनिटांची एक गोष्ट चित्रांत चालली होती. एक शेळी एकटीच एस.टी.ने प्रवासाला निघते, तिची. नऊ मिनिटं झाली होती. घरचं मोठं मशीन वॉर्डात नेता येईना. तेव्हा फेब्रुवारीत राजीनेच खाटेशेजारच्या लोखंडी कपाटाची वरची बाजू वितीने मोजली आणि भावाला फोनवर सांगितलं, की अण्णा, दीड वीत बाय एक वीत, एवढ्यात बसव, उरलेली तीन मिनिटं मी पडल्या पडल्या काढते.

श्रीशैलने साधं मशीन चार दिवसांत करून दिलं असतं. पण साध्याला पंखे लागतात, पंख्यांचा घुंघुं आवाज होतो, आणि राजीच्या बाजूच्या खाटेवरच्या बाईंना झोप लागत नाही. म्हणून त्याने पाण्याचं ठरवलं. राजी म्हणाली होती, आवाज झाला तरी चालेल, त्या बाई स्वतःच घोरतात. पण श्रीशैलने ऐकलं नाही. त्याच्या हातून साधं काही निघणं त्याला मान्य नव्हतं.

आता एप्रिल संपत आला होता. मशीन तीन वेळा खोललं, तीन वेळा भरलं. दर वेळी दहा मिनिटं गुण्यागोविंदाने चालायचं आणि मग तापून बंद पडायचं.

“चालू कर,” उस्ताद म्हणाले.

त्याने वायर जोडली आणि सोबत आणलेल्या पडद्यावर राजीची चित्रं लावली. शेळी तिकीट काढायला लागली. डब्याच्या कडेला बोटभर जागेत आतल्या तापाचा आकडा उमटत होता. पन्नास. साठ. कंडक्टर शेळीला सुटे मागत होता. सत्तर. नव्वद झाले तेव्हा शेळी एस.टी.च्या दारात उतरायला उभी होती. तिथे चित्रं संपली.

“पुढं?”

“पुढचं तिने काढलं नाही अजून.”

डबा आतून गुळगुळ आवाज करत होता. उस्ताद कान लावून ऐकत राहिले.

“एखादा पंखा घाल.”

“जागा नाही, उस्ताद. सुई घालायला जागा नाही.” हे सांगताना एवढ्या काळजीतही त्याच्या आवाजात थोडा अभिमान आलाच.

“बरं. पाणी काय करतं?”

“थंड करतं.”

“नाही बे. पाणी कुणाला थंड करत नाही. ते ताप उचलतं आणि दुसरीकडं नेऊन टाकतं. तुझं पाणी ताप उचलायलंय, पण पुढं जाईना. पंपात हवा बसली.”

“हवा कशी असेल? मी थेंब थेंब भरलंय. एक बुडबुडा ठेवला नाही.”

“हवा ठेवावी लागत नसती. ती येती.”

श्रीशैलला राग आला. ट्रकचं वेगळं आणि हे वेगळं, असं तो म्हणालाही. उस्तादांनी वाद घातला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी डबा उचलला, आणि टोपली पालथी घालावी तसा बाकावर उलटा ठेवला. खालचं वर, वरचं खाली.

नळ्यांतून एक मोठी गुळणी झाली. मग आवाज थांबला.

आकडा उतरायला लागला. ऐंशी. सत्तर. साठावर येऊन तो स्थिर राहिला. दोन महिने घोडं पेंड खात होतं ते इथे. हवा वर चढते आणि वर पंप होता. डबा उलटा केल्यावर पंप खाली आला, हवा आता वर आलेल्या रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसली आणि पाण्याला वाट मिळाली. एवढं श्रीशैलला कळत नव्हतं असं नाही.

“हे तुला सुचलं नाही?” उस्तादांनी विचारलं.

त्याने डब्याच्या पुढच्या बाजूवर बोट ठेवलं. तिथे त्याने बारीक अक्षरांत ‘राजेश्वरी’ असं कोरून घेतलं होतं. आता ते उलटं झालं होतं.

“नाव उलटं होतंय.”

“मग? ती रागावंल?”

“नाही... हसंल.”

श्रीशैल स्वतः मात्र हसला नाही. मशीन सुरळीत चाललं होतं, आकडा हलत नव्हता, पण त्याचा चेहरा पार उतरला. त्याने घाईघाईने पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला. ही वायर काचेला टेकतेय, म्हणाला. नाव पुन्हा सुलटं कोरून घ्यावं लागेल, त्याला चार दिवस जातील. आणि या नळीचा बाक त्याला पसंत नव्हता, ती नवी घालायची. तो झाकणाचा पहिला स्क्रू फिरवायला लागला.

उस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

“किती दिवस झाले?”

“कशाला?”

“तिला बघून.”

...

“नऊ.”

“का?”

“मशीन होईना, उस्ताद. रिकाम्या हातानं कसं जाऊ?”

“मशीन झालं.”

...

शेडबाहेर लिंबाच्या झाडाखाली कुणीतरी ट्रकचं बॉनेट आपटून बंद केलं. श्रीशैलने स्क्रू-ड्रायव्हर बाकावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

“तिला पेन धरता येत नाही आता,” तो म्हणाला. “नऊ दिवस झाले. बोटं वळत नाहीत. डॉक्टरांनी अव्वाला सांगितलं, आता घरचे लोक जवळ राहा म्हणून. मी त्या दिवशी वॉर्डाच्या दारापर्यंत गेलतो. तिथनं परत आलो.”

उस्ताद स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

“मी अव्वाला सांगितलं, मशीन थोडंच राहिलंय. राजीला सांग. राजी म्हणाली म्हणे, अण्णाला म्हणावं सावकाश कर. ती वाट बघती, उस्ताद. रोज विचारती, झालं का. मला वाटलं... हे अपुरं आहे तोवर ती वाट बघंल. वाट बघणारं माणूस जात नाही...”

एवढं बोलून तो बाकावर डोकं टेकून रडला. मोठ्या माणसाचं रडणं बघवत नाही, पण उस्तादांनी तोंड फिरवलं नाही. त्यांनी आयुष्यात खूप रेडिएटर बघितले होते. आतलं पाणी उकळत असताना त्याचं झाकण उघडायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. ते निवेपर्यंत बसून राहिले.

श्रीशैलला कळत होतं, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. फेब्रुवारीत घुंघुं करणारं साधं मशीन दिलं असतं, तर शेळी एव्हाना एस.टी.तून उतरली असती. राजीच्या बोटांत तेव्हा जोर होता. तो जोर त्याने तिला वाट बघायला लावून घालवला होता, आणि तो आता कुठल्याच मशीनने परत येणार नव्हता. त्याच्या हातांची अख्ख्या गावात वाहवा होती, आणि त्या हातांनी बहिणीसाठी वेळेवर एक गोष्ट केली नव्हती.

बऱ्याच वेळाने उस्तादांनी विचारलं, “वॉर्डात उकडतं?”

“काय?”

“उकडतं का, विचारलं. बेचाळीस आहे आज.”

श्रीशैलला सांगता येईना. मशीनचा कुठला भाग किती अंशांवर जातो हे तो झोपेतही सांगू शकला असता. मग आठवलं, तसा म्हणाला, की अव्वा काल फोनवर सांगत होती, दुपारची लाइट जाते, वरचा पंखा बंद पडतो, आणि राजी सारखी चादर काढून टाकते. अव्वा वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालते. पण अव्वाचे खांदे आता भरून येतात.

“हं,” उस्ताद म्हणाले.

ते उठले. खांबावरच्या खिळ्याला शिंदीच्या पानांचा हातपंखा लटकत होता. शेडमधली लाइट गेली की उस्ताद तोच घेऊन बसत. वर्षानुवर्षं धरून त्याची मूठ काळी झाली होती. त्यांनी तो काढला, मांडीवर आपटून धूळ झाडली आणि श्रीशैलसमोर धरला.

श्रीशैलने डोळे पुसले. मशीन बंद केलं, वायर गुंडाळली आणि डबा बॅगेत सरकवला. बॅग त्याने शिंप्याकडून डब्याच्या मापाची शिवून घेतली होती, बोटभरही जास्त नाही. तिची चेन लावायला दोन्ही हातांनी दाबावं लागलं. मग त्याने उस्तादांच्या हातातला पंखा घेतला. एकदा बॅगेच्या या कडेने लावून बघितला, एकदा त्या कडेने.

“मावत नाही, उस्ताद. बॅगेत जागा नाही.”

उस्तादांनी बॅग आपल्याकडे ओढली. चेन उघडली. डबा बाहेर काढून ट्रकच्या रेडिएटरशेजारी ठेवला, नाव उलटं असलेला, तसाच. रिकामी बॅग श्रीशैलच्या हातात दिली.

“आता आहे.”