मूळपुरुषांचे टाक

त्या राज्यात प्रत्येक संख्या आपल्या मूळपुरुषांच्या, म्हणजे मूळ संख्यांच्या, गुणाकारातून जन्मे आणि त्यांचे चांदीचे टाक, म्हणजे ठसे उमटवलेले पत्रे, लाल फडक्यात बांधून जवळ बाळगी. परक्या घराण्यापुढे ते फडके सोडणे हा निर्लज्जपणा मानला जाई. दोन घराणी भांडली, की दोघांना एका दगडी कोठडीत कोंडत. दोघांनाही निःशेष भागणारी सर्वांत मोठी संख्या उच्चारली तरच अडसर सरके. दुसरी कोणतीही उच्चारली, की छत हातभर खाली उतरे.

विहिरीच्या पाळीवरून भांडलेली चौऱ्यांशी आणि नव्वद अशीच आत पडली.

"सर्वांत मोठी म्हणजे आमच्याकडचीच असणार," नव्वदराव म्हणाले. "नऊ."

छत उतरले.

"नवाने आम्हाला भाग जात नाही हो," चौऱ्यांशी म्हणाली.

"तुमचं घराणंच कोतं, बाई. त्याला मी काय करू?"

तिने इरेला पेटून "बारा" म्हटले. बाराने नव्वदला भाग जाईना. छत आणखी उतरले. मग नव्वदरावांनी जपून "तीन" म्हटले. तिनाने दोघांनाही भाग जात होता. पण ती सर्वांत मोठी नव्हती. आता दोघांना गुडघ्यांवर बसावे लागले. आणखी एक चूक झाली, तर बसायलाही जागा उरणार नाही, हे चौऱ्यांशीने ओळखले. तिने फडक्याची गाठ सोडली.

"अहो, झाका ते," नव्वदरावांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

"छत मानेवर आलंय. आता इथे कुणाची लाज?"

तिने दोन, दोन, तीन, सात असे टाक मांडले. बऱ्याच वेळाने, तिच्याकडे न बघता, नव्वदरावांनी आपले मांडले: दोन, तीन, तीन, पाच. तिचा सात एकटा राहिला, त्यांचा पाचही. तिच्या दुसऱ्या दोनाला जोडीदार मिळेना. नव्वदरावांनी आपला जास्तीचा तीन दोनदा पुढे सरकवून पाहिला आणि मुकाट्याने मागे घेतला. एका दोनाशी दोन आणि एका तिनाशी तीन, एवढ्याच जोड्या जमल्या.

"दोन त्रिक," ती पुटपुटली.

"सहा," नव्वदराव म्हणाले.

अडसर सरकला. छताच्या धाकाने दोघांनी घाईत हाताला लागतील ते टाक उचलले आणि रांगत बाहेर आली. उजेडात चौऱ्यांशीने ओंजळ उघडली. तीत दोनाचे तिन्ही टाक होते. तीच झीज, तोच चेहरा. नव्वदराव आपला दोन परत मागत फडके पसरून समोर उभे होते, आणि त्यांचा कोणता, हे तिला सांगता येईना.