डाव्या खांद्यावरचं फूल

देव आणि कोंबड्या एकमेकांशी बोलत असत, त्या काळी एका सकाळी चिंगी कोंबडीला खडे निवडलेले तांदूळ मिळाले आणि तिला शंकाच आली. एवढे लाड कधी झाले नव्हते. दुपारी तिला देवळात नेऊन खांबाला बांधलं, तेव्हा तर आज आपला बळी जाणार याची तिला खात्रीच पटली.

बाळा गुरवाने कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर त्याने ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर देवाला कोंबडी हवी, डावं पडलं तर नको. डावं पडलं. चिंगीच्या जिवात जीव आला.

"देवाक नीट आयकाक येवक नाय," गुरव म्हणाला. "परत विचारूया."

पुन्हा डावंच पडलं.

"बदलतलो, मन बदलतलो देव," गावचे मानकरी गावकर म्हणाले. त्यांच्या घरी वड्यांचं पीठ कधीचं मळून तयार होतं.

"देवा, तू मन बदलतोस का रे?" चिंगीने घाबरत विचारलं. उत्तर म्हणून फूल पुन्हा डावंच पडलं.

मग गुरवाने फक्त उजव्या खांद्यावर फूल लावलं आणि डावा मोकळाच सोडला. "दोन फुलां कित्याक व्हयी? उगाच देवाचो गोंधळ होता."

फूल घसरू लागलं.

"देवा, अरे देवा, आता काय?" चिंगी जीव तोडून ओरडली.

फूल अर्ध्यावर थबकलं. मूर्तीतून बारीक आवाज आला, "थांब गं जरा, विचार करतोय. याआधी कधी करावाच लागला नव्हता."