लाडू गेले, बुंदी आली

फार पूर्वी, कूर्मदास दगडू पाणथळे, वय एकशे बारा, या कासवाने रानात पार्सल-कंपनी स्थापन केली. पार्सल हातोहात द्यावे, हा तिचा नियम. वार्धक्यामुळे त्याने सशाला प्रमुख नेमले.

खारीच्या लेकीच्या लग्नाचे बुंदीचे लाडू ससा उंबरठ्यावर टाकून पळाला. मुंग्यांनी ते वारुळात नेले. वऱ्हाड दाराशी आले, तशी खार रडू लागली.

कासवाने वारूळ गाठले. “मुंगीताई, लाडू लग्नाचे होते हो!”

“अगबाई! आम्हांला वाटले, टाकून दिलेले.”

“वाटेत किती सांडले?”

“एक कणही नाही, आजोबा!”

“मग तसेच परत पोचवा.”

मुंग्यांची रांग मांडवात शिरली. व्याही हसून म्हणाले, “विहीणबाई, लाडू गेले अन् बुंदी आली! वाढा आता.”

त्या दिवसापासून मुंगी कंपनीची प्रमुख झाली आणि ससा तिच्या हाताखाली दारे ठोठावू लागला.