चार हप्त्यांची तक्रार

"पण चारही हप्ते वेळेवर भरले होतेस का?" गिरीबुवांनी विचारलं.

प्राध्यापक नाडगौडांना हा प्रश्न आवडला नाही. ते कॉलेजात अकाउंट्स शिकवत, त्यामुळे प्रश्न विचारायचा हक्क आपलाच, अशी त्यांची समजूत होती. गिरीबुवांच्या मठात ते बऱ्याच वर्षांपासून शिष्य म्हणून येत. सल्ला कोणता मिळायला हवा, हे घरूनच ठरवून येत.

प्रकरण असं होतं. फ्लॅट ठरला होता, विसार देऊन झाला होता. पण नवी बँक कर्ज देईना. नाडगौडांच्या क्रेडिट रिपोर्टात जुन्या गाडीच्या कर्जाचे चार हप्ते उशिरा भरल्याची नोंद होती. महिनाअखेरपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही, तर फ्लॅट हातचा जाणार आणि विसारही बुडणार. नाडगौडांनी जुन्या बँकेकडे लेखी तक्रार केली, की चारही नोंदी धादांत खोट्या आहेत. तक्रार फेटाळली गेली.

"तीन नोंदी तर बँकेच्याच घोळाने पडल्या," ते म्हणाले. "पैसे वेळेवर कापले आणि जमा उशिरा दाखवले. माझ्याकडे पासबुक आहे."

"आणि चौथी?"

"चौथी..."

चौथ्या वेळी ते पुतणीच्या लग्नात मिरवत होते आणि खात्यात पैसे ठेवायचे राहून गेले होते.

"ती किरकोळ आहे, बुवा. माझ्यासारख्याच्या नावावर असलं काही शोभत नाही. म्हणून चारही खोडायला सांगितल्या."



तेवढ्यात फ्लॅटच्या मालकाचा फोन आला. नाडगौडा उठले आणि मोठ्या आवाजात आश्वासनं देत ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या घालू लागले. पलीकडचं टोक बुवांनी नुकतंच शेणाने सारवलं होतं. आश्वासनं देणाऱ्याचं लक्ष सहसा पायांकडे नसतं.

ते परत येऊन सतरंजीवर बसले तेव्हा बुवा ओल्या सारवणाकडे बघत होते. त्यावर मठातल्या कुत्र्याच्या पंजांची रांग उमटली होती आणि मधोमध माणसाचं एक अनवाणी पाऊल.

"कुणी तुडवलं रे?"

"मी नाही," नाडगौडा म्हणाले. "तुमचं कुत्रं गेलं असेल. त्याला जरा बांधत चला."

"सगळं कुत्र्यानेच?"

"सगळं."

बुवांनी मान डोलावली. मग पाण्याचा तांब्या उचलून त्यांनी तो नाडगौडांच्या पायांपाशी ठेवला.

नाडगौडांनी खाली पाहिलं. उजव्या टाचेला शेण लागलं होतं. पाय सतरंजीखाली सरकवावा, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण सतरंजी आखूड होती.

...

"पाऊल माझं," ते अखेर म्हणाले. "पंजे कुत्र्याचे."

"आता कुत्र्याचं पटलं," बुवा म्हणाले.