वेळेवर पोचलेली पॅसेंजर

गाड्या आणि घड्याळं एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. डोंगराखालच्या इंजिनशेडपासून जंक्शनपर्यंत एक पॅसेंजर धावत असे. तिला रोज उशीर व्हायचा, कारण माणसांना मागे टाकून निघणं तिच्या जिवावर यायचं. बोरमाळच्या दूधवाल्यांच्या किटल्या खिडकीच्या गजांना अडकवून होईपर्यंत ती हलत नसे. बांधावरून कुणी धावत येताना दिसलं, की ओठांवर आलेली शिट्टी ती गिळून टाकायची.

"मावशी, चारचौघांत शोभा होते गं तुझी," जंक्शनवरचं घड्याळ एकदा म्हणालं. "आता सुधारणा व्हायलाच हवी."

पॅसेंजर ओशाळली. "मग काय करू रे?"

"थांबतेस म्हणून उशीर होतो. बोरमाळ सोडून दे."

दुसऱ्या दिवशी ती बोरमाळला थांबली नाही. फलाटावरच्या किटल्या ओरडल्या, "मावशे, अगं आम्ही राहिलो!" तिनं काळजावर दगड ठेवला. त्या दिवशी उशीर जरा कमी झाला, आणि घड्याळानं खणखणीत टोले देऊन तिला शाबासकी दिली. शाबासकीची चटक वाईट. एकेक करत तिनं वाटेतली सगळी गावं सोडली.

अखेर एके सकाळी ती अगदी ठोक्याला जंक्शनात शिरली. घड्याळानं तोरण बांधून घेतलं होतं, बँडवालेही बोलावले होते. पॅसेंजरनं ऐटीत दारं उघडली. कुणीच उतरलं नाही.

"अरे, डबे रिकामेच आहेत," ती कापऱ्या आवाजात म्हणाली.

"बघ!" घड्याळ हरखून म्हणालं. "गर्दीचीही तक्रार मिटली!"