राजाने देवीला काय विचारलं

फार पूर्वीची गोष्ट आहे. समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत एक राज्य होतं. राज्य कसलं, सकाळी घरून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला दुसऱ्याच्या राज्यात पोचायचा! तिथला राजा तरुण होता. मनाने चांगला, पण राग मात्र कायम नाकावर.

शेजारचं राज्य मोठं होतं. तिथल्या राजाला किल्ल्याभोवती खंदक हवा होता आणि त्यासाठी फुकटचे हात हवे होते. एके दिवशी त्याचे सैनिक सीमेवरच्या गावात शिरले आणि ऐंशी धडधाकट माणसांना दोरीने बांधून घेऊन गेले.

बातमी ऐकून तरुण राजाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याने एकामागून एक तीन खलिते पाठवले, तिन्ही शिव्यांनी भरलेले. शेजाऱ्याने उत्तरसुद्धा दिलं नाही. मग राजाने सभा बोलावली आणि विचारलं, "मी युद्ध केलं तर ते धर्माचं होईल का?"

सभेत दोन शास्त्री होते. एक म्हणाले, "कुणाचाही जीव घेणं पापच. युद्ध धर्माचं होऊच शकत नाही." दुसरे म्हणाले, "राजाने शस्त्र उचललं की तोच त्याचा धर्म." दोघांनी पोथ्या आणल्या होत्या, आणि दोघांच्याही पोथीत त्यांना हवं ते पान होतं. तीन दिवस वाद चालला. तिकडे ऐंशी माणसं माती उपसत होती.

चौथ्या दिवशी सीमेवरच्या गावातली एक लोहारीण सभेत आली. नवरा वारल्यापासून भाता आणि घण तीच चालवायची. तिचा थोरला मुलगा त्या ऐंशी जणांत होता.

"महाराज," ती म्हणाली, "पोथ्या मला वाचता येत नाहीत. आमच्याकडे अडलं की देवीला कौल लावतात. तुम्हीही लावा."

त्या मुलखाची रीतच तशी होती. डोंगरावरच्या देवळात देवीची काळी पाषाणाची मूर्ती होती. तिच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी गळाली तर होकार, डावी गळाली तर नकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा डोंगर चढला. मागे अख्खं गाव. म्हाताऱ्या गुरवाने पाकळ्या लावल्या आणि तो म्हणाला, "विचार राजा."

राजाने विचारलं, "आई, मी जिंकेन ना?"

पाकळी हलली नाही. बराच वेळ गेला. उन्हाची तिरीप गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरून सरकून आत आली, तरी पाकळी हलली नाही.

राजाने पुन्हा विचारलं, "आई, माझीच बाजू खरी आहे ना?"

तरीही काही नाही. लोक चुळबुळ करू लागले. राजा घामाघूम झाला. "देवी माझ्यावर कोपली आहे का?" त्याने हळूच विचारलं.

गुरव म्हणाला, "कोपली नाही. पण तू सगळं तुझंच विचारतो आहेस, राजा. माझा विजय, माझी बाजू. शेजारचा राजाही त्याच्या देवळात आज हेच विचारत असेल. देवीने कुणाकुणाला हो म्हणायचं?"

राजाची मान खाली गेली. समोरच लोहारीण हात जोडून उभी होती. तिच्याकडे पाहून त्याला आठवलं, की आपण इथे आलो ते तिच्या मुलासाठी. आपल्या अपमानासाठी नव्हे. तो गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "आई, माझी माणसं सोडवायची एखादी वाट चालून बघायची राहिली आहे का?"

शब्द संपायच्या आत उजवी पाकळी गळून खाली आली.

कुणी ओरडलं नाही, कुणी घंटा वाजवली नाही. एवढी शेकडो माणसं, पण श्वाससुद्धा ऐकू येईना. देवी इतका वेळ याच प्रश्नाची वाट पाहत बसली होती, असं प्रत्येकाला वाटलं आणि सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

कुठली वाट राहिली होती, हे राजाला लगेच कळलं. त्याने खलिते पाठवले होते. तो स्वतः गेला नव्हता.

त्याने तलवार देवीपुढे ठेवली, मुकुट काढला आणि तो अनवाणी शेजारच्या किल्ल्यापर्यंत चालत गेला. खंदकाच्या काठी उभं राहून म्हणाला, "दादा, माझे खलिते वाईट होते, चुकलो. तू वयाने मोठा आहेस. या माणसांना घरी जाऊ दे. खंदक हवा असेल तर मी स्वतः खणतो."

शेजारचा राजा पोट धरून हसला. "तू एकटा किती खणणार? उलट मला आणखी माणसं लागणार आहेत. अमावास्या झाली की तुझ्या दुसऱ्या गावात येतो."

तेवढ्यात खाली एक माणूस चिखलात कोसळला. बाकीचे उचलायला धावले, तर त्यांच्यावर चाबूक पडला. राजा हे सगळं काठावरून पाहत होता.

तो परतला आणि सरळ डोंगर चढला. पायांना फोड आले होते. "आई, आता तरी एखादी वाट उरली आहे का?" त्याने विचारलं. गुरवाने पुन्हा लावलेल्या पाकळ्यांतली डावी गळाली. वाट उरली नव्हती. राजा त्या काळ्या मूर्तीपुढे लहान मुलासारखा रडला. आठ दिवसांपूर्वी हाच राजा युद्धाला उतावीळ झाला होता.

गुरवाने तलवार उचलून त्याच्या हातात दिली आणि सगळ्यांच्या वतीने देवीला गाऱ्हाणं घातलं. "हे आई, हा राजा ऐंशी माणसं आणायला निघाला आहे. ज्याच्या हातात शस्त्र नाही, त्याला हा शिवणार नाही. उभं पीक तुडवणार नाही. सूर्य मावळला की शस्त्र खाली ठेवील. आणि माणसं मिळाली की त्याच क्षणी मागे फिरेल."

"व्हय महाराजा," लोक म्हणाले. एरवी या आरोळीने डोंगर दणाणायचा. त्या दिवशी सगळे दबक्या आवाजात म्हणाले.

लोहारणीने धाकट्या मुलाच्या कमरेला स्वतः परजलेली तलवार बांधली. "भावाला घेऊन ये," एवढंच म्हणाली.

तीन दिवस युद्ध झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी किल्ल्याचा दरवाजा फुटला आणि ऐंशी माणसं बाहेर आली. जी चालू शकत नव्हती, त्यांना इतरांनी पाठीवर घेतलं होतं. त्याच गडबडीत शेजारच्या राजाचा घोडा उधळला आणि तो स्वतःच्याच खंदकात तोंडघशी पडला. तलवार कुठच्या कुठे गेली. छातीपर्यंत चिखलात रुतून तो वर पाहू लागला.

तरुण राजा काठावर आला. सेनापती धावत आला. "महाराज, एकच घाव! मग किल्ला आपला, राज्यही आपलं. सगळं हातातोंडाशी आलं आहे!"

खोटं कशाला सांगा, राजाला तो घाव घालायचा होता. ते हसणं त्याच्या कानांत घुमत होतं, तो चाबूक त्याने डोळ्यांनी पाहिला होता. त्याने तलवार उचलली. दोन्ही सैन्यं जागच्या जागी थांबली.

"सेनापती," तो मोठ्या कष्टाने म्हणाला, "आपण काय आणायला आलो होतो?"

"ऐंशी माणसं, महाराज."

"मिळाली?"

"मिळाली."

राजाने तलवार म्यान केली. एका सैनिकाचा भाला घेतला, त्याचा दांडा खाली चिखलात सोडला आणि म्हणाला, "धर दादा."

तटावरच्या धनुर्धाऱ्यांनी धनुष्यं खाली केली. कुणीतरी हात जोडले, आणि बघता बघता दोन्हीकडच्या हजारो माणसांनी हात जोडले. कुणाला जोडतो आहोत, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आपल्यापेक्षा फार मोठं काहीतरी या मैदानावरून चालत गेलं, एवढं मात्र प्रत्येकाला कळलं. शेजारचा राजा तो दांडा धरून वर आला. पुढे तो खंदक अर्धाच राहिला, आणि सीमेवरच्या गावात त्याचा एकही सैनिक पुन्हा आला नाही.

सैन्य परतलं तेव्हा वेशीवर तोरणं लागली होती. ढोलवाले सज्ज होते. पहिली टिपरी ढोलावर पडणार, एवढ्यात लोहारीण वाट अडवून उभी राहिली. तिच्या एका बाजूला थोरला मुलगा होता, खंगलेला, पण जिवंत. दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं. धाकटा किल्ल्याच्या दरवाज्यापाशी लढताना पडला होता.

राजा घोड्यावरून उतरला. "बाई, मी चुकलो का?" त्याने विचारलं.

"नाही, राजा," ती म्हणाली. "युद्ध बरोबरच होतं. त्याच्यामुळे माझा थोरला घरी आला. आणि त्याच्यातच माझा धाकटा गेला. तिकडेही कुणा आईचा गेलाच असेल. तू चुकला नाहीस. ढोल तेवढा वाजवू नकोस."

राजा पुढे झाला आणि तिच्या पाया पडला. ढोलवाल्यांनी टिपऱ्या खाली ठेवल्या. राजा तिच्या रिकाम्या बाजूला जाऊन उभा राहिला, आणि सगळं सैन्य त्या तिघांच्या मागून पायी, गुपचूप गावात शिरलं.

तात्पर्य: सगळ्या वाटा चालून संपल्यावर, दुसऱ्याच्या सुटकेसाठी आणि मनात वैर न ठेवता केलेलं युद्ध धर्माचं असू शकतं, पण ज्याला त्याचा उत्सव करावासा वाटतो, त्याला धर्म कळलेला नसतो.