गोठणीची मोकळी वाट

डोंगराच्या पायथ्याशी गवळ्यांची एक वाडी होती. त्या साली तिथं साथ शिरली, अन् गोठ्यांतल्या हंबरण्यापेक्षा घरांतलं रडणंच जास्त ऐकू येऊ लागलं. सुंदीचे आईबाप साथीनं नेले. उरली धाकटी बहीण ठकू, तीही तापानं फणफणलेली.

ठकूसाठी झऱ्याचं पाणी आणताना सुंदीला वाटेत सदाफुलीचं इवलंसं रोप दिसलं, मान टाकलेलं. तिनं त्याला ओंजळभर पाणी घातलं. तशी एक कळी उमलली, अन् आतून करंगळीएवढी परी निघाली. गुलाबी पंख, दवासारखा चमचमता झगा.

"काय हवं, बाळ?"

"माझी ठकू जगू दे, परीताई."

"मग भिंतीवर गोठण काढ, गुरं विसावतात ती. हिरवं कुरण, गाईवासरं, भोवती कुंपण, मधोमध ठकू अन् तिच्या उशाशी सदाफुली. प्राजक्त नको हं, तो पहाटेच गळतो. सदाफुली बारमाही. कुंपणाच्या आत जो असेल तो जगेल. पण दिवेलागणीआधी चित्र पुरं कर, अन् कुंपणाला वाट ठेवू नकोस. वाटेनं मरणही येतं."

सुंदी पाणी घेऊन घरी निघाली. गोठण काढताना वाट सोडायचीच, ही तर वाडीची रीत. आई म्हणायची, "मागं राहिलेलं वासरू मग शिरेल कुठून गं?"

तिनं गेरू कालवला, पाल्याचा हिरवा रस काढला, तांदळाचं पीठ भिजवलं. कुरण डुलू लागलं, गाई रवंथ करू लागल्या. कुंपण मिटायला दोन बोटांची जागा उरली, तोच दारात भागूकाकू आली. हीच काकू काल विहिरीवर ओरडली होती, "साथीची पोरं, लांब व्हा!" आज तिच्या कडेवर तापलेलं तान्हं होतं.

"सुंदे, झऱ्याच्या वाटेवर परीचं बोलणं ऐकलं मी. कुठल्या तोंडानं मागू? पण ह्याला आत घे गं. मागून शेवंताची पोरं येतायत, अन् सखूची..."

"ताई, बाळ रडतंय," ठकू पुटपुटली.

दिवस कलला होता. इतकी लेकरं काढणार कधी? सुंदीनं कुंपण मिटलंच नाही. त्या मोकळ्या वाटेत तिनं स्वतःला काढलं, राखणीला बसलेलं. एकेक लेकरू घरात येऊन चित्राखाली निजलं, जणू त्या वाटेनं कुरणातच शिरलं.

मग काळोखासारखं मरण आलं.

"ऊठ वाटेतून."

"नाही उठणार."

"मग तुझं काहीतरी दे."

"हवं ते ने. आत जाऊ नको."

मरणानं तिच्या डोळ्यांतले रंग नेले. हिरवं कुरण तिला राखेसारखं दिसू लागलं. पण लेकरांना दरदरून घाम फुटला, ताप उतरले.

परी तिच्या खांद्यावर बसली. "मी सांगितल्यासारखं केलं असतंस, तर एकटी ठकू वाचली असती. गेलेले रंग मला आणता येत नाहीत गं. पण रंग सांगणारं तुला कायम कुणीतरी असेल." एवढं बोलून ती उजेड झाली, अन् तो उजेड घरभर पसरून विरला.

सकाळी दारात सदाफुली फुलली होती. ठकूनं एक फूल ताईच्या हातात ठेवलं. "ही गुलाबी, ताई."

अजून त्या वाडीत गोठण रंगते, तेव्हा लेकरं सुंदीला एकेक रंग सांगत बसतात. वाट तेवढी तीच सोडते.